पपा नको, तू ये

२०२४ सालचा जुलै. सिंगापुरात बाराही महिने ऋतू एकच, पण ड्युरियन या उग्र वासाच्या फळाचा मोसम ऐन भरात होता. लिफ्टमध्ये वास, बसस्टॉपवर वास, शेजाऱ्याच्या दारात वास.

नागपुरात माझी पिठाची गिरणी होती. गिरणीत पीठ कोणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप बसते. भिंतीवर, पंख्याच्या पात्यावर, कानामागे. एके दिवशी हात फिरवला की मूठभर निघते. किश्शांचे तसेच आहे.

आता गिरणी धाकट्या भावाकडे आहे. मी आणि बायको शांता, आम्ही पासिर रिसला मुलीकडे राहतो. मुलगी मीनल. संध्याकाळी ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या मजल्यावर आमची बैठक बसते. इथे त्याला व्हॉइड डेक म्हणतात. बैठकीला पुण्याचे देशपांडे आणि त्यांच्या मिसेस, मुलगा आयटीत. शेजारच्या मॅडम लिम, त्या चिनी. आणि आम्ही दोघे. विषय एकच, नातवंडे. ज्याचे नातवंड जास्त हुशार तो बाकाच्या मधोमध बसतो. मी कडेला बसतो. मला वारा लागतो तिथे.

आमची नात आबेना, नऊ वर्षांची. जावई क्वामे, घाना देशाचा. मीनल आणि तो इथल्याच युनिव्हर्सिटीत भेटले. दोघेही पाण्याचे इंजिनिअर. आबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेली. त्यांच्याकडे वारावरून नाव ठेवतात. मला पद्धत पटली. पंचांग नको, आत्याचा मान नको, रुसवे नकोत.

या जुलैत आबेनाने बापाला शाळेत यायची मनाई केली. कारण इतर पोरे त्याच्याकडे बघतात. गोष्ट तिथपर्यंत कशी गेली आणि पुढे काय झाले, ते सांगतो.

*

पोर झाली तेव्हा शांताने नागपुरातून काजळाची डबी आणली होती. बाळ घरी आले, शांताने तीट लावली.

देशपांडे वहिनी बघायला आल्या. बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"शांताताई, तीट लावायची राहिली वाटतं."

"लावली आहे न."

"कुठे?"

"गालावर."

वहिनींनी चष्मा लावला. "अगबाई, दिसतच नाही की."

एवढ्यावर थांबले असते. पण देशपांडे मागे उभे होते. ते म्हणाले, "मग हिला तीट लागणारच नाही. निसर्गानेच सोय करून ठेवलीय." आणि एकटेच हसले.

शांता उठली. स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या पिठात ओले बोट बुडवून आली आणि बाळाच्या गालावर पांढरीशुभ्र, ठसठशीत तीट लावली.

"आता दिसते न जी? मंग बसा थोडं लांब."

संध्याकाळी घानातल्या विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाळाच्या गालावरचे पांढरे पाहून त्यांनी आनंदाने टाळ्याच वाजवल्या. त्यांच्याकडे बाळंतिणीला पांढरी माती लावतात म्हणे, आनंदाची खूण म्हणून. त्यांनी विचारले, हे शांताला कोणी शिकवले?

मीनलने मराठी करून सांगितले. शांता म्हणाली, "म्हणावं, गिरणीवाल्याची बायको आहे मी. पिठातलं मला कोण शिकवणार?"

*

वर्षाच्या आत जावळ काढायचे ठरले. नागपूरहून माझ्या बहिणीचा फोन. "दादा, चांगलं गुळगुळीत काढा. पुन्हा येतील ते सरळ येतील."

क्वामेने विचारले, "बाबा, खरंच सरळ येतात?"

मी म्हणालो, "बहीण म्हणते."

जावळ काढले. केस आले. आधी होते त्याच्या दुप्पट कुरळे आले. बहिणीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "न्हाव्याने नीट काढले नसतील."

न्हाव्याला कशाला दोष. केस पोरीचे. बहिणीचे कशाला ऐकतील?

*

त्या केसांचे काम मोठे. रविवारी सकाळी क्वामे पाय पसरून जमिनीवर बसतो, आबेना त्याच्या पुढ्यात. तो तेल लावून एकेक बट सोडवतो आणि बारीक वेण्या घालतो. घानातल्या आपल्या बहिणीकडून फोनवर शिकला. हे काम जेवणापर्यंत चालते. सुरुवातीला शांताने आपली फणी घेऊन मदत करायचा प्रयत्न केला. फणीचे दात डोक्यात राहिले, मूठ हातात राहिली. तेव्हापासून ती फक्त तेल गरम करून देते.

असे घातलेले केस घेऊन पोर लिफ्टमध्ये शिरली की बायकांचे हात पुढे येतात. "वा, सो क्यूट," म्हणतात आणि न विचारता चाचपतात. आबेना भिंतीला चिकटून उभी राहते.

एकदा एका अनोळखी बाईने दोन्ही हात घातले. शांता शेजारीच होती. तिने आपले दोन्ही हात उचलले आणि त्या बाईच्या पार्लरमधून नुकत्याच फुलवून आणलेल्या केसांत घातले. सावकाश दाबून पाहिले. मराठीत म्हणाली, "छान आहेत हो. कुठे केले?"

बाईचा मजला चौथा होता. ती दुसऱ्यालाच उतरली.

*

क्वामे मराठी शिकला तो माझ्याकडून. मीनल त्याच्याशी इंग्रजी बोलते, शांता हातवारे करते. राहिलो मी. मी घरात फार बोलत नाही. बस, जेव, ऊठ, गप्प, दार लाव. लागते तेवढे.

लग्नानंतर पहिल्यांदा तो आमच्यासोबत नागपूरला आला. आमच्या नात्यातले सर्वांत वयस्कर नानाजी, नव्वदीचे, लग्नाला येता न आलेले, काठी टेकत त्याला बघायला आले. क्वामे लगबगीने उठला, वाकून नमस्कार केला, खुर्ची पुढे केली आणि मोठ्या प्रेमाने म्हणाला, "बस."

मीनलने कपाळावर हात मारला.

नानाजी बसले. शांताने चहा आणला. क्वामेने कप त्यांच्या हातात दिला. "पी."

नानाजी प्यायले. मग काठी माझ्याकडे वळवून म्हणाले, "पोराला मराठी कोणी शिकवलं ते विचारायची गरज नाही."

*

आबेना पाच वर्षांची असताना न्हाणीत फार वेळ लावू लागली. एके दिवशी शांताने दार ढकलून पाहिले तर पोर भांडी घासायच्या काथ्याने दंड घासत होती. वर्गातल्या एका पोराने सांगितले होते, नीट घासले की जाईल.

मीनल रडायला लागली. क्वामे तिला जवळ घेऊन बराच वेळ बोलत होता. तुझा रंग माझा आहे, माझ्या आईचा आहे, असे काहीबाही. पोर ऐकत होती, पण काथ्या सोडत नव्हती.

मी म्हणालो, "इकडे ये. मी रोज पांढरा व्हायचो."

तिने काथ्या खाली ठेवला. "रिअली?"

"रोज. सकाळी काळा जायचो, संध्याकाळी पांढरा यायचो. केस, भुवया, हात, सगळे पांढरे. गिरणीत."

"देन?"

"मग आंघोळ करायचो. पुन्हा काळा."

पोर विचार करू लागली. "व्हाइट असताना कसं वाटायचं?"

"खोकला यायचा."

*

शाळेत धावण्याची रिले शर्यत होती. व्हॉइड डेकवर आधीच पदक वाटून झाले. देशपांडे म्हणाले, "वानखडे, यंदा पहिला नंबर कुठे जात नाही. रक्तातच आहे ते." मॅडम लिम म्हणाल्या, "शुअर विन, लाह." इथल्या इंग्रजीत वाक्याला लाह, सिया अशी शेपटी असते. पीटीच्या सरांनीही तिला न विचारता शेवटच्या टप्प्यावर ठेवले होते. सर्वांत वेगवान पोराची ती जागा.

आबेना पळाली. मी बघत होतो. बसला अजून वेळ आहे असे कळलेला माणूस जसा पळतो, तशी पळाली. टीम शेवटून पहिली आली.

संध्याकाळी देशपांड्यांना राहवेना. "असं कसं झालं हो?"

मी म्हणालो, "रक्तातच आहे. आमच्या घराण्यात कोणी पळालेले नाही."

"पण वडिलांकडून?"

क्वामे बाजारात जायला खाली उतरला होता. समोर बस लागली होती. दार उघडे होते. तो चालत आला. बस गेली. तो पुढच्या बसची वाट बघत शांत उभा राहिला.

देशपांड्यांनी पाहिले. विषय संपला.

*

मागच्या वर्षी तिने घरच्यांचे चित्र काढले. मी, शांता, मीनल, ती. सगळ्यांना तिने फिकट गुलाबी रंग भरला होता.

मी माझ्यावर बोट ठेवले. "हा कोण?"

"तू."

"मला काय झाले?"

"दॅट्स स्किन कलर, आजोबा. टीचर आल्सो कॉल इट स्किन कलर."

"कोणाच्या कातडीचा?"

तिने पेटीतले खडू उलटेपालटे केले. माझा रंग त्यात नव्हता. मी खाली गेलो. चित्रकलेच्या दुकानातून सगळे तपकिरी खडू घेऊन आलो. फिकट ते गडद. टेबलावर ओतले. तिने माझ्या हाताजवळ धरून एक निवडला, शांताच्या हाताजवळ धरून एक. खूश होती. सगळे नीट झाले.

मग मी विचारले, "पपा कुठे आहे?"

"फोटो काढतोय," ती म्हणाली.

शांता हसली. मीनलही हसली. क्वामे हसला, पण हसून झाल्यावर चित्र पुन्हा हातात घेऊन बघत होता. खडूंतला सर्वांत गडद तसाच पडून होता. त्याचे टोक मोडले नव्हते.

*

इथल्या शाळांत जुलैमध्ये रेशियल हार्मनी डे असतो. पोरे आपापल्या समाजाचे कपडे घालून येतात. आबेना दरवर्षी शांताने शिवलेले परकर-पोलके घालते. यंदा शाळेने कळवले, प्रत्येकाने घरातले एक मोठे माणूस आणायचे, त्याच्या पोशाखात, आणि स्टेजवर त्याची ओळख करून द्यायची.

जेवताना आबेना म्हणाली, "आजोबा, शाळेत तू ये. धोतर नेस. पपा नको."

मीनलचा घास हातात राहिला. "का गं?"

"पपा कम, एव्हरीबडी स्टेअर. आजोबा कम, नोबडी स्टेअर, लाह."

क्वामे ताट घेऊन उठला. "ओके, बेबी. आजोबा विल बी गुड." तो बेसिनपाशी जाऊन ताट घासू लागला. ताट स्वच्छ झाले होते. तो घासतच होता.

दुसऱ्या दिवशी खाली देशपांडे म्हणाले, "पोर शहाणी आहे हो. इंडियन म्हणूनच वाढवा. सोपं जातं."

मी विचारले, "कोणाला?"

देशपांड्यांनी ड्युरियनचा भाव काढला.

आता एक देणे सांगतो. ते पैशाचे नाही. मीनलच्या लग्नाला क्वामेचे वडील, माझे व्याही, घानाहून नागपूरला आले होते. मी त्यांना म्हटले, आमच्याकडे वरबाप धोतर नेसतो. ते एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. कडक ऊन, सहा फुटी माणूस, धोतर आणि फेटा. वरातीत धोतर सुटायला लागले तर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नाचले. जाताना माझा हात धरून म्हणाले, "माय फ्रेंड, नाऊ यू ओ मी." म्हणजे आता मी त्यांचे देणे लागतो. आणि आपले केंटे क्वामेजवळ ठेवून गेले. केंटे म्हणजे त्यांचे मानाचे कापड. विणलेले, पिवळे-हिरवे-लाल, चादरीएवढे. डाव्या खांद्यावरून घेतात, उजवा खांदा उघडा ठेवतात.

मी उघड्या अंगाने कधी अंगणातही आलेलो नाही. दर रविवारी व्याही फोनवर विचारायचे, "माय फ्रेंड, व्हेन?" मी म्हणायचो, "नेक्स्ट इयर." तेवढे इंग्रजी मला येते.

शाळेच्या दिवशी सकाळी मी क्वामेला म्हणालो, "कापड आण."

"कोणतं, बाबा?"

"तुझ्या बापाचे."

तो थांबला. "बाबा, ती धोतर म्हणाली."

"नेसव."

माझी मराठी त्याला कळते. त्याने कपाटातून कापड काढले, मला नेसवले, पदर खांद्यावर टाकला. मग बॅग घेऊन ऑफिसला गेला.

आबेना परकर-पोलक्यात बाहेर आली. मला बघून दारातच थिजली.

"आजोबा, व्हेअर युअर धोतर?"

"धुवायला टाकले."

"ऑल?"

"सगळी."

तिचे डोळे भरले. "आता सगळे बघतील."

"बघू देत. चल."

शाळा जवळ आहे. ती माझ्यापुढे हातभर अंतर ठेवून चालत होती. रस्त्यावरचे लोक बघत होते. मी मान वर ठेवली. एक म्हातारा चिनी सायकल थांबवून अंगठा दाखवून गेला.

गेटपाशी तिच्या वर्गातला एक पोरगा भेटला. माझ्याभोवती एक चक्कर मारली. "वा, युअर ग्रँडफादर लाइक किंग, सिया. दिस इंडियन, आह?"

आबेनाने माझ्याकडे बघितले. मी गेटकडे बघितले. तो वाट बघत उभा.

"नो," ती शेवटी म्हणाली. "माय पपा साइड."

"युअर पपा किंग?"

"इंजिनिअर," ती म्हणाली. पण आता ती माझ्या शेजारी चालत होती.

हॉलमध्ये आम्हाला रांगेत उभे केले. आमच्यापुढे चार जण राहिले आणि माझे कापड खांद्यावरून घसरले. आबेनाने वर टाकले. पुन्हा घसरले. तिने टोक खोचून पाहिले. दुसरीकडून सुटले. वर्गाच्या बाई सेफ्टी पिन घेऊन आल्या.

"पिन नको," मी म्हणालो. "पिनेची पद्धत नाही."

"देन हाऊ?" आबेना रडकुंडीला आली. "आजोबा, यू नो हाऊ ऑर नॉट?"

"मला नाही येत. ज्याचे आहे त्याला येते."

तिने माझ्याकडे बघितले. मग हॉलकडे. सगळी पोरे, सगळे आईबाप बसलेले. मग बाईंकडे हात पसरला. इथली पोरे टीचरला चेर म्हणतात. "चेर, कॅन बॉरो फोन?"

मी ऐकत होतो. ती म्हणाली, "पपा, यू कम. नाऊ. इनसाइड, नॉट आउटसाइड."

बाईंनी आमचा नंबर शेवटी टाकला. क्वामे आला तेव्हा घामाने शर्ट भिजला होता. जो माणूस बससाठी पळत नाही, तो स्टेशनापासून पळत आला होता. दारातून आत आला तसा सगळा हॉल वळून बघू लागला. एवढा उंच माणूस, एवढा काळा, एवढा धापा टाकणारा. आबेना लोकांकडे बघत होती. मी तिच्याकडे.

क्वामेने कापड माझ्या अंगावरून पूर्ण काढले, झटकले, हात फिरवला. कापड हवेत पसरले आणि वळून माझ्या खांद्यावर येऊन बसले. जसे काही तिथलेच होते.

गेटवरचा तो पोरगा ओरडला, "वा! अंकल, डू अगेन!"

क्वामेने लेकीकडे बघितले. ती म्हणाली, "डू अगेन, पपा."

त्याने पुन्हा केले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा नंबर आला. बाई म्हणाल्या, स्टेजवर एकच मोठे माणूस न्यायचे आहे, कोणाला नेतेस?

आबेनाने एका हाताने माझे बोट धरले, दुसऱ्या हाताने बापाचे.

"टू ऑफ देम वन सेट, चेर," ती म्हणाली. "कॅनॉट सेपरेट."

घरी आल्यावर शांताने कापड घडी करायला घेतले. हातात वजन करून बघितले. सतरंजीसारखे जाड.

"अहो, धोतर चाळीस वर्षं नेसता. वरातीत नाचता. कधी सुटलं नाही तुमचं. हे कसं सुटलं?"

"चहा कर," मी म्हणालो.

मीनलने शाळेकडून आलेला स्टेजवरचा फोटो घानाला पाठवला होता. थोड्या वेळाने फोन वाजला. व्याही होते. स्क्रीनवर फक्त त्यांचे कपाळ दिसत होते, नेहमीप्रमाणे. ते फोटो पुन्हा बघत असावेत. मी चहाचा कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "पेड."